वजूला पाणी कुठं मिळंल, मास्तर?

बाळ,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना दुआ.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडलं. पहिल्यांदा तुझ्या भावावर रागावून लिहीत होतो, दुसऱ्यांदा तुझ्या अब्बांची वकिली करत होतो. दोन्ही वेळा तू मधल्या मधे राहून जात होतीस, आणि विचारलं तर तूच होतंस.

भाऊ तबलीगची चाळीस दिवसांची जमात, म्हणजे धर्मशिकवणीची फेरी, करून आला आणि पहिल्याच गुरुवारी त्यानं दर्ग्याची देखभाल करणाऱ्या अब्बांच्या हातातली उदाची धुपाटणी काढून बाजूला ठेवली, असं तू लिहितेस. गलेफ चढवणं, दिवा लावणं, नवस बोलणं हे सगळं शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, आहे, सूफी वगैरे प्रकरण दीनमध्ये, म्हणजे धर्मात, नंतर घुसलेलं आहे, असं म्हणाला. अब्बा काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत. आणि इकडं बेळगावात तुझ्या खोलीतली मैत्रीण म्हणते, "तुमचे सूफी किती छान! ते कुठं तसले मुसलमान होते? ते आमच्या संतांसारखेच." तुला दोघांचंही पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगता येत नाही. "सर, फकीर आपल्या दीनच्या आत की बाहेर?" एवढा एकच प्रश्न तू शेवटी लिहिलास.

आधी माझी एक फजिती ऐक. मग पुढचं.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चिकोडी भागातल्या एका शाळेत मला भाषणाला बोलावलं होतं, विषय एकात्मता. अशा कार्यक्रमाला आपल्यातला एक मास्तर लागतोच, आणि तो बहुतेक वेळा मीच असे. मी जोरात बोललो. शिशुनाळचे शरीफसाहेब (१८१९-१८८९) काढले, ब्राह्मण गुरू गोविंदभट्टांच्या पायाशी बसून कानडीत तत्त्वपदं गाणारे. श्रीगोंद्याचे शेख महंमद काढले, 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद' हे म्हटलं. आणि टाळ्यांच्या भरात म्हणून गेलो की सूफी फकिराला ना मशिदीचं बंधन ना नमाजेचं, तो धर्माच्या पार पलीकडं गेलेला असतो. टाळ्या पडल्या. पडणारच. समोर बसलेल्यांना जे ऐकायचं होतं तेच मी बोललो होतो.

मैदानाच्या कडेला बाभळीखाली एक म्हातारा फकीर बसला होता. हिरवी कफनी, गळ्यात मण्यांच्या माळा, शेजारी कश्कोल, म्हणजे भिक्षापात्र. जवळच्या गावात उरूस होता, त्याला निघालेला. कार्यक्रम संपल्यावर काठी टेकत आला आणि म्हणाला, "मास्तर, लई ग्वाड बोल्लासा. असरचा वखत झाला. वजूला पाणी कुठं मिळंल?"

मी नळ दाखवला. त्यानं सावकाश, तीन-तीनदा हात धुतले, तोंड धुतलं, ओल्या हातानं डोकं पुसलं, पाय धुतले. खांद्यावरची चादर व्हरांड्यात अंथरली आणि नमाज पढला. पोरं खांबाआडून बघत होती. मी खुर्च्या गोळा करायचं काम काढलं, नाहीतर कुठं बघायचं ते कळेना. जाताना तो मला काहीच बोलला नाही. एक शब्द सुनावला असता तर बरं झालं असतं.

तुझा भाऊ आणि तुझी मैत्रीण, दोघंही त्या म्हाताऱ्याला मशिदीतून बाहेर काढतायत. एक ढकलून काढतो, दुसरी ओवाळून काढते. मीही त्या दिवशी ओवाळूनच काढलं होतं.

आता जरा मागं जाऊ. हजरत जिब्रीलची हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) तू मकतबमध्ये पाठ केली असशील. पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक अनोळखी माणूस येतो, पैगंबरसाहेबांच्या (स.) गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि विचारतो: इस्लाम म्हणजे काय? इमान म्हणजे काय? एहसान म्हणजे काय? पहिल्याचं उत्तर कलमा, नमाज, जकात, रोजे, हज. दुसऱ्याचं अल्लाह, फरिश्ते, किताबं, पैगंबर, कयामत आणि तकदीर यांवरचा विश्वास. तिसऱ्याचं उत्तर असं की, तू अल्लाहला बघतोयस अशी इबादत कर, आणि तुला तो दिसत नसला तरी तो तुला बघतोय. फकिही मंडळींनी, म्हणजे शरीअतच्या कायदेपंडितांनी, पहिल्या प्रश्नावर आयुष्यं घातली, श्रद्धेची तर्कानं मांडणी करणाऱ्या कलामवाल्यांनी दुसऱ्यावर. सूफी म्हणतात, आमचा धंदा तिसऱ्या प्रश्नाचा. म्हणजे त्यांचा दावा मुळात आतलाच आहे, त्याच हदीसमधला. तो मान्य करायचा की नाही हे पुढं बघू, पण ते बाहेरून आले असं म्हणणाऱ्यानं निदान हा दावा ऐकून घ्यावा.

'सूफी' शब्द 'सूफ'वरून आला असं बहुतेक जाणकार धरतात. सूफ म्हणजे लोकर. हिजरी पहिल्या-दुसऱ्या शतकात अरबांचं राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलं, दमास्कसला महाल उठले, रेशीम आलं. तेव्हा काही माणसं मुद्दाम खरखरीत लोकर घालून हिंडू लागली. बसऱ्याचे हसन (निधन ७२८) त्यांच्यातले मोठे. बसऱ्याच्याच राबिया (निधन ८०१) तुला माहीत आहेत. जन्नतच्या लालचीनं किंवा दोजखच्या भीतीनं केलेली इबादत त्यांना व्यापार वाटे. या लोकांपुढं नमुना होता तो मदिनेतल्या अहले सुफ्फांचा, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीच्या सावलीत राहणाऱ्या, घरदार नसलेल्या सहाबींचा, पैगंबरांच्या साथीदारांचा. महालाकडं पाठ करून ते मशिदीच्या ओट्याकडं तोंड करत होते. मशिदीकडं पाठ कुणी केली नव्हती.

इथं एक गाठ आहे, ती नीट सोडव. आपण मराठी माणसं 'फकीर' म्हटलं की संन्यासी डोळ्यापुढं आणतो. घर सोडलं, बायको सोडली, भगवी नाहीतर हिरवी कफनी घातली. पण इस्लाममध्ये संन्यासाला जागा फार अरुंद आहे. कुराणात (५७:२७) वैराग्याश्रमाबद्दल स्पष्ट म्हटलंय की तो ईसाच्या अनुयायांनी आपणहून काढला, आम्ही तो त्यांच्यावर घातला नव्हता. आणि बुखारीच्या हदीससंग्रहातली ती तीन माणसांची हदीस. एक म्हणाला मी रोज रोजा धरीन, दुसरा म्हणाला रात्रभर नमाज पढीन, तिसरा म्हणाला लग्नच करणार नाही. पैगंबरांनी सांगितलं की मी रोजा धरतो आणि सोडतो, नमाज पढतो आणि झोपतो, आणि लग्नंही करतो. माझ्या वाटेला पाठ फिरवील तो माझा नव्हे. या हदीसपुढं कुठल्याही सूफीला संन्यास सिद्ध करता आला नाही. म्हणून बाबा फरीद (निधन १२६५) लेकुरवाळे होते, गुलबर्ग्याचे बंदेनवाज संसारी होते. निजामुद्दीन औलिया (१२३८-१३२५) अविवाहित राहिले, पण ते अपवादात धरतात. आपल्याकडं समजायचं तर हे दशनामी गोसाव्यापेक्षा वारकऱ्याच्या जवळचं. तुकोबा दुकान, बायको, पोरं यांच्यातच राहिले. गोसावी वेगळा. उपमा पुढं ताणू नकोस, कारण वारकऱ्याला विठ्ठलाचं रूप लागतं आणि फकिराला रूप चालत नाही. पण एवढ्यापुरती ती ठीक आहे.

मग 'फक्र' म्हणजे काय? खिसा रिकामा असणं नव्हे. तसे आपण सगळे महिनाअखेरीस फकीरच. निजामुद्दीनांच्या खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, भेटी यायच्या, धान्य, पैसा, कापड, भरपूर. मागायचं नाही, आलेलं नाकारायचं नाही, आणि ठेवायचं नाही असा चिश्ती रिवाज. जुम्म्याच्या आधी कोठार झाडून रिकामं करायचे. सुलतानाच्या दरबारात पाऊल टाकायचं नाही हाही नियम. पैशाचं येणं थांबवायचं नव्हतं, साठणं थांबवायचं होतं. 'फक्र माझा अभिमान आहे' हे वचन सूफी पैगंबरांचं म्हणून सांगतात. हदीसचे जाणकार ते प्रमाण मानत नाहीत. भावाशी वाद घालताना ते वापरू नकोस, तो बरोबर पकडील.

जाता जाता, आपल्या भाषेनं या लोकांचं काय केलंय तेही बघ. 'औलिया' हे अरबीत 'वली'चं अनेकवचन, अल्लाहचे दोस्त. मराठीत एकच माणूस 'अवलिया' होतो आणि तो दोन निरनिराळ्या चपला घालून हिंडतो. 'दरवेश' म्हणजे दारोदार जाणारा साधक. आमच्या लहानपणी दरवेशी म्हणजे अस्वल घेऊन येणारा. कलंदराचं 'मस्त कलंदर' झालं. शब्द राहिले, त्यातली नमाज गळून गेली. याचा दोष कुणा एकाचा नाही. दारात येतो तो फकीर आपल्याला दिसतो, पहाटे फजरला उठतो तो दिसत नाही.

बगदादचे जुनैद (निधन ९१०) म्हणजे बहुतेक सिलसिले, सूफींच्या गुरुपरंपरा, ज्यांच्यापर्यंत जाऊन पोचतात ते. शिक्षणानं फकिही. आमचं ज्ञान किताब आणि सुन्नतच्या चौकटीत बांधलेलं आहे, असं ते म्हणत. त्यांच्या आधीचे बायजीद बिस्तामी सांगत की, कुणी हवेत उडताना दिसला तरी भुलू नका, शरीअतचे हुकूम तो कसे पाळतो ते आधी बघा. आता हल्लाज. ९२२ साली बगदादमध्ये त्यांना मारलं, 'अनल हक', म्हणजे 'मीच सत्य', यासाठी, हे सगळ्यांना ठाऊक. त्यावरच भाषणं होतात, कारण त्यात नाट्य आहे. पण जुनैद त्यांच्या बोलण्यावर नाराज होते, हे भाषणात येत नाही. सूफींचा सगळ्यात मोठा टीकाकार बहुतेक वेळा दुसरा सूफीच असतो.

आणि गजाली. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातली सगळ्यात मानाची गादी सोडून हा माणूस निघाला. शिकवताना जीभच चालेना, अन्न गिळवेना, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. दमास्कस, जेरुसलेम, हज असा दहा-अकरा वर्षं हिंडला. या हिंडण्यातून त्यानं काय सांगितलं? नमाज सोडा असं नाही. वजू, नमाज, जकात, निकाह, बाजारातला व्यवहार, एकेका गोष्टीत मन कुठं असावं याचं चाळीस भागांचं पुस्तक लिहिलं. त्यानंतर मदरशातल्या मोठमोठ्या उलमांना, धर्मपंडितांना, सूफी असण्यात विशेष काही वाटेनासं झालं. आपल्या निपाणीचंच घे. संत बाबामहाराज चव्हाणांनी सुरू केलेला उरूस ज्यांच्या नावानं भरतो ते पीराने पीर दस्तगीर म्हणजे बगदादचे अब्दुल कादिर जिलानी (निधन ११६६). ते हंबली मजहबचे, म्हणजे शरीअतच्या हंबली परंपरेचे, आलिम होते. चार मजहबांत सगळ्यात कडक म्हणून ओळखला जातो तोच हा हंबली मजहब. चव्हाणांच्या घरच्या मानाच्या उरुसाचा धनी हंबली फकिही, हे तुझ्या मैत्रिणीला सांग. तुझ्या भावालाही सांग.

आता आपल्या मुलखात ये. तैमूरच्या स्वारीच्या तोंडावर १३९८ मध्ये दिल्ली सोडून गेसूदराज बंदेनवाज दख्खनला आले, गुलबर्ग्याला राहिले, १४२२ मध्ये तिथंच गेले. लोक त्यांच्या चमत्काराच्या गोष्टी सांगतात. ते मात्र तफसीर (कुराणाचा अर्थ), हदीस शिकवत होते, आणि शरीअत सोडणाऱ्या तरीकतीला, म्हणजे सूफी साधनेच्या वाटेला, त्यांच्याकडं दार नव्हतं. आपल्या गोकाकजवळच्या सावळगीच्या शिवलिंगेश्वरांशी त्यांचं सख्य होतं असं तिकडचे लोक सांगतात. असेलही. सख्य असायला दोघांनी आपापलं घर सोडावं लागत नाही.

विजापूर आपल्याला जवळचं, म्हणून तिथली दोन माणसं सांगतो. सरस्वतीची स्तुती करणारा इब्राहीम आदिलशाह दुसरा गादीवर असताना भडोचहून आलेले शत्तारी सिलसिल्याचे शाह सिबगतुल्लाह विजापुरात होते. दरबाराच्या चालीरीतींवर ते इतकं बोट ठेवू लागले की त्यांचं आणि सुलतानाचं पटेना. शेवटी ते मदिनेला गेले, तिथंच १६०६ मध्ये वारले. म्हणजे सूफी म्हटला की मवाळ, आणि मुल्ला म्हटला की कडक, हा हिशोब इथंही जमत नाही.

दुसरे मीरांजी शमसुल उश्शाक (निधन १४९९) आणि त्यांचं घराणं. मुलगा बुरहानुद्दीन जानम, नातू अमीनुद्दीन आला (निधन १६७५); शाहपूरच्या टेकडीवरचा पांढरा घुमट त्यांचा. यांनी दीनची सगळ्यात अवघड बोलणी दख्खनीत आणली, तुझी दादीमा बोलते त्या भाषेत. मीरांजींनी तर 'खुश' नावाच्या एका मुलीसाठी लिहिलंय. ती विचारते, हे सांगतात. अरबी-फारसी न येणाऱ्यासाठी लिहितोय, भाषेकडं बघू नका, आतल्या अर्थाकडं बघा, अशी सफाईही दिलीय. 'प्राकृत काय चोरापासोनि झाली' हे नाथांनी पैठणात विचारलं, तेच दुखणं विजापुरात होतं.

आणि त्या परंपरेतल्या फकिरांनी बायकांसाठी चक्कीनामे केले. दळताना म्हणायची गाणी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहचं पहिलं अक्षर. मधली खीळ म्हणजे पैगंबर, तिच्याभोवती सगळं फिरतं. फेऱ्यागणिक अल्लाहचं नाव. विचार कर, मदरशात न गेलेल्या बाईला पहाटे चार वाजता तौहीद (अल्लाह एकच) आणि रिसालत (पैगंबरी) शिकवायची तर यापेक्षा चांगली शाळा कुठली? शेजारच्या घरात त्याच वेळी तशाच जात्यावर विठ्ठलाची ओवी चालली असणार. दोन्ही घरांतलं पीठ सारखं, नाव वेगळं. ही वेगळी नावं पुसून 'शेवटी सगळं एकच' म्हणायची मला तरुणपणी घाई असे. आता नाही. खुंट्याला अलिफ म्हणणारी बाई मुसलमान होती, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

तर भांडण कसलं आहे? तुझ्या भावाला फकिरीबद्दल काही म्हणायचंच नाही, नीट ऐकलंस तर कळेल. त्याचं भांडण कबरीशी आहे. माणूस जिवंत असताना काय करत होता ही एक गोष्ट, आणि तो गेल्यावर लोकांनी त्याच्या तुरबतीवर काय उभं केलं ही दुसरी. पहिल्या गोष्टीला उलमांनी फारसा विरोध केला नाही. दुसरीवर वाद चालूच आहे, सातशे वर्षांपेक्षा जास्त. दोन्ही बाजूंना हदीस आहे. कबरींना इबादतची जागा करू नका हीही आहे, आणि 'मी तुम्हाला कबरींवर जायला मना केलं होतं, आता जा, त्यानं आखिरतची, मरणानंतरच्या जीवनाची, आठवण होते' हीही. इब्ने तैमिया (१२६३-१३२८) यांनी वलींच्या कबरींच्या यात्रेवर कठोर लिहिलं, त्यापायी कैद भोगली आणि कैदेतच वारले. त्यांना दफन केलं ते दमास्कसच्या सूफींच्या कब्रस्तानात. ही गोष्ट मी जेव्हा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

आपल्याकडचं सांगायचं तर, देवबंदचा मदरसा १८६६ चा. त्याच्या संस्थापकांचे पीर हाजी इम्दादुल्लाह मुहाजिर मक्की, चिश्ती साबिरी सिलसिल्याचे. त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, रशीद अहमद गंगोही. गंगोहींच्या हातावर बैअत केलेले, म्हणजे त्यांना पीर मानलेले, मौलाना इल्यास (१८८५-१९४४), ज्यांनी १९२६ च्या सुमारास मेवातेत तबलीगचं काम उभं केलं. तुझा भाऊ ज्या जमातीत गेला तिची मुळी ही. आणि तो चाळीस दिवसांना काय म्हणतो? चिल्ला! हा शब्द कुणाचा? चाळीस दिवस कोपऱ्यात बसून जिक्र, अल्लाहचं नामस्मरण, करणाऱ्या सूफींचा, हजरत मूसांच्या तूरवरच्या चाळीस रात्रींची आठवण म्हणून. आपल्या भागात डोंगरोडोंगरी पिरांचे 'चिल्ले' आहेत ते याच अर्थानं. सकाळ-संध्याकाळ तो तसबीह ओढतो, तीही कुठून आली ते त्यानं आपल्या अमीरसाहेबांना विचारावं. हे तू त्याला टोचायला सांगू नकोस. टोचलंस तर तो ऐकणार नाही. एखाद्या संध्याकाळी चहा देताना सहज विचार, 'चिल्ला म्हणजे काय रे?'

पण त्याचं सगळंच चूक आहे असं मला म्हणायचं नाही, आणि इथं अब्बा नाराज होतील. तुरबतीपुढं सजदा करणारे लोक तू पाहिलेत, मीही पाहिलेत. दर्गा मानणाऱ्या बरेलवी जमातीचे इमाम अहमद रझा खान (१८५६-१९२१), त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून सांगितलंय की अल्लाहशिवाय कुणालाही सजदा, आदराचासुद्धा, हराम आहे. म्हणजे या मुद्द्यावर भावाला विरोध करायला अब्बांच्या बाजूचा इमामही उभा राहणार नाही. भूत उतरवायचे पैसे, लिंबू, ताईत, 'पीर रागावलाय' म्हणून बायाबापड्यांना घातलेली भीती, हे मी एका दर्ग्यात डोळ्यांनी पाहिलंय. कुठल्या ते सोड. तिथल्या मुजावराच्या बोटातल्या अंगठ्या मोजत बसलो होतो मी. त्या घुमटाखालच्या माणसानं जन्मभर कोठार झाडलं असेल, आणि वर ही दुकानदारी.

'मुजावर' शब्दाचा अर्थ अब्बांना ठाऊक आहे का, विचार. अरबीत त्याचा अर्थ शेजारी राहणारा. बस्स. मालक नाही, मधला दलाल नाही. शेजाऱ्यानं झाडलोट करावी, दिवा लावावा, आल्यागेल्याला पाणी द्यावं, फातिहा पढावी, आणि कुणी नवस बोलायला लागला तर म्हणावं, 'मागायचं ते वरच्याकडं माग, हा इथं झोपलेला माणूसही त्याच्याकडंच मागत होता.' एवढं झालं तरी अर्धं भांडण मिटेल. पूर्ण मिटणार नाही. मिटावं असं मला वाटतही नाही, कारण ज्या घरात दीनवर भांडण होतं त्या घरात दीन अजून जिवंत असतो.

बेशरा फकिरांबद्दल तू विचारलंयस. जे भांग-गांजा ओढतात, नमाज पढत नाहीत, म्हणतात आम्ही पोचलोय. आहेत असे, फार पूर्वीपासून. कलंदर, मदारी, मलंग यांच्यातले काही. सूफींनीच त्यांना 'बेशरा' हे नाव दिलं, शरीअत पाळणाऱ्यांना 'बाशरा'. शरीअत, तरीकत, हकीकत, मारिफत या चार मुक्कामांत पहिला सोडून दुसऱ्यावर उडी मारता येते असं ते मानतात. बाकीचे म्हणतात, बी टाकून कवच फेकलंस तर उगवणार काय? उरुसात रिफाई फकीर गुर्ज मारून घेतात, गालातून सळई घालतात, ते बघून तुला लहानपणी चक्कर आली होती, आठवतं? मला त्यात काही मिळत नाही. पण सगळे बेशरा लबाड असतात असंही म्हणू नकोस. मजजूब म्हणून एक अवस्था मानतात, भान हरपलेला माणूस. भान नाही त्याच्यावर नमाज फर्ज नाही, हा फिकहचाच नियम. म्हणजे कायद्यानं वेड्यालाही आतच जागा दिली. मात्र त्याच्या मागं जायला सांगितलेलं नाही.

मिरजेला तू अजून गेली नाहीस हे वाचून नवल वाटलं. बेळगावहून रेल्वे आहे, जा. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा उरूस भरतो तेव्हा चर्मकार समाजाच्या गलेफाला मान असतो. अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२-१९३७) तिथं गायचे, आणि तिथंच दफन आहेत. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. समा, म्हणजे भक्तीचं गाणं ऐकणं, हलाल की हराम यावर सूफींच्यातच दोन तट. निजामुद्दीनांना तर त्यासाठी उलमांपुढं जाब द्यावा लागला होता. नक्शबंदी सिलसिल्याचे लोक आजही गाण्यापासून लांब. तू गाणं ऐक, हरकत नाही, पण मगरिबची अजान झाली की काय होतं तेही बघ. तंबोरे खाली ठेवलेले असतात.

परीक्षेसाठी तुला आपल्या गावच्या पिरावर जे लिहायचं त्याबद्दल एकच. 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक' हे शब्द पहिल्या पानावर लिहायचा मोह होईल, मार्कंही पडतील. लिहू नकोस. आपल्या पिराचं नाव, गाव, सिलसिला, कशाचाही कागद नाही. गलेफ देणारे पाटील, नैवेद्य आणणाऱ्या लिंगायत बायका, कंदुरी करणारे धनगर, हे सगळे येतात तेवढं तू पाहिलंयस, तेवढंच लिही. ते का येतात हे त्यांना विचारून लिही. आणि फकिराला त्याच्याच शब्दांत बोलू दे. त्याच्या तोंडी आपली भाषा घालायची सवय मला होती, तुला नको.

दादीमाचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तुमच्या परसात शेणीच्या खोपीत जातं पडलंय, मी मागं पाहिलं होतं, वरची तळी थोडी फुटलेली. दादीमाला लहानपणी तिच्या नानीनं दळताना काहीतरी म्हटलेलं आठवतं, असं ती एकदा बोलून गेली होती. मला तेव्हा गडबड होती, ऐकलं नाही. तिला जात्यापाशी बसव. हात खुंट्यावर गेला की आठवेल कदाचित. मोबाईल चालू ठेव, पण तिला दिसेल असा धरू नकोस, लाजते ती. भाऊ घरात असेल तर त्यालाही बसव शेजारी, जातं ओढायला कुणीतरी लागेलच.

पुढच्या गुरुवारी मी येतोय. अब्बांना सांग, जेवणाचं काही करू नका, असरच्या आधी पोचतो.

तुझा
सर